दोषी सापडला म्हणजे कारण सापडलं का?

अहमदाबादच्या विमान अपघातावर आपल्याकडे जो वाद चालला आहे, तो ऐकून मन विषण्ण होतं. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ जमीन सोडल्यावर मिनिटभराच्या आत मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचे १९ जण गेले. एकूण २६० माणसं. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला आणि दोन तट पडले. एक म्हणतो पायलटनेच इंधन बंद केलं, दुसरा म्हणतो बोइंगला वाचवायला मेलेल्या पायलटवर ढकलताहेत. लातूरच्या हॉटेलात चहा पिताना हेच, संभाजीनगरच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच, टीव्हीवर तर विचारायलाच नको. दोन्ही तटांना उत्तर आधीच माहीत आहे आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे: गुन्हेगाराचं नाव.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. अपघाताच्या तपासात ‘दोषी कोण’ हा प्रश्न पहिला विचारला, की ‘हे पुन्हा कसं होणार नाही’ या प्रश्नाचं उत्तर हातचं जातं. शिक्षा कुणाला करायची ते पोलिसांनी आणि कोर्टाने जरूर बघावं. पण कारण शोधणारी यंत्रणा वेगळी हवी, तिच्या हातात दंडुका नको, आणि तिला जे सापडेल ते सगळं लोकांसमोर यायला हवं. विमान वाहतूक आज इतकी सुरक्षित झाली त्यामागे इंजिनं आणि संगणक आहेतच, पण या एका शिस्तीचा वाटा फार मोठा आहे. आपण विमानं विकत घेतली, विमानतळ बांधले. ही शिस्त मात्र अंगी लावून घेतली नाही, ना विमानांच्या बाबतीत, ना रस्त्यांच्या, ना दवाखान्यांच्या.

मराठवाड्याला हा विषय परका नाही. २६ एप्रिल १९९३, दुपारी एकचा सुमार. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालं. आत ११८ माणसं. एप्रिलमधली दुपार म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो, आणि विमानाला नेहमीपेक्षा लांब धावावं लागतं. हे विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला जमिनीवरून सुटलं. पुढे साधारण ४१० फुटांवर बीड रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावीकडचं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला, तोही रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर. जायबंदी विमान तसंच पुढे गेलं, सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना धडकलं आणि खाली आलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

‘ट्रकवाल्याने घात केला’ असं त्या अपघाताबद्दल अजूनही ऐकायला मिळतं. त्या ड्रायव्हरच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून बघा. कापूस जिनिंगमध्ये दाबला गेला, गाठी ट्रकवर चढल्या, ताडपत्री बांधली, आणि तो सरकारने बांधलेल्या, रहदारीला खुल्या असलेल्या रस्त्यावरून आपल्या बाजूने चालला आहे. दिल्लीचं विमान आज किती वाजता उडणार, हे त्याला कुणी सांगितलं होतं? आडगावच्या रेल्वे फाटकावरसुद्धा गेटमन असतो, गाडीच्या आधी फाटक पडतं, कंट्रोलचा फोन येतो. इथे ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने धावणारं विमान रस्त्यावरून जाणार होतं आणि रस्ता अडवायला कुणी नव्हतं. चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. शिवाय तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने विमानाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक आवरली नाही.

आता या तीन उत्तरांकडे बघा. ट्रकवाल्याला दोषी धरलं तर उद्या त्याच रस्त्यावरून दुसरा ट्रक जाईल. वैमानिकांना घरी बसवलं तर उद्या दुसरा वैमानिक येईल, आणि माणूस आहे म्हटल्यावर कधीतरी दोन सेकंद उशीर तोही करील. ज्याच्यामुळे पुढचा अपघात टळतो असं उत्तर एकच: माणूस चुकला तरी मरणार नाही एवढी जागा धावपट्टीच्या पुढे मोकळी ठेवा, आणि जागा नसेल तर रस्त्यावर फाटक घाला. ४१० फूट म्हणजे सव्वाशे मीटर. आजचे आंतरराष्ट्रीय निकष मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरची पट्टी आणि तिच्यापुढे आणखी किमान ९० मीटर मोकळी जागा मागतात, आणि ९० ऐवजी २४० मीटर ठेवा अशी शिफारस करतात. म्हणजे कमीत कमी दीडशे मीटर, शक्यतो तीनशे. त्या दिवशी ट्रक ज्या जागी होता, ती जागा आजच्या किमान मापातसुद्धा मोकळी असायला हवी. ही मापं कुणा अधिकाऱ्याला रात्री सुचलेली नाहीत. धावपट्टीबाहेर गेलेल्या विमानांची मोजदाद करून, कुठलं किती पुढे जाऊन थांबलं ते बघून ती ठरली आहेत. प्रत्येक मीटरमागे कुणाचं तरी घर उजाड झालेलं आहे.

नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराला एक परिशिष्ट आहे, तेरावं, १९५१ पासूनचं. अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हाच असेल, दोष किंवा जबाबदारी वाटून देणं हे या तपासाचं काम नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. आपल्या देशाच्या नियमांनीही हे तत्त्व स्वीकारलेलं आहे. वरवर बघता हे फार गुळमुळीत वाटतं. माणसं मेली आहेत आणि तुम्ही म्हणता दोष द्यायचा नाही? पण हे तत्त्व दयेपोटी आलेलं नाही. ज्यांना खरं काय घडलं ते माहीत आहे, ते घाबरले की गप्प बसतात, आणि ते गप्प बसले की माणसं मरतात, हे अनुभवाने कळलं म्हणून ते आलं.

अमेरिकेतलं एक उदाहरण मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरताना वाटेतल्या डोंगरावर आदळलं. ९२ जण होते, सगळे गेले. नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली, याचा अर्थ आता हव्या त्या उंचीला खाली यायला हरकत नाही, असा वैमानिकांनी घेतला होता. नकाशावरून तसा समज होणं शक्य होतं. तपासात कळलं, की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान याच विमानतळावर, याच चुकीने, त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण ती गोष्ट टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत पोचायला वाटच नव्हती. ज्या माहितीने ९२ जीव वाचले असते, ती शेजारच्या कंपनीच्या कपाटात पडून होती. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेने एक व्यवस्था उभी केली. वैमानिकाने, नियंत्रकाने, कुणीही आपली किंवा दुसऱ्याची चूक, थोडक्यात टळलेला प्रसंग, लिहून पाठवायचा. तो पाठवायचा नासाकडे. लायसन्स काढून घेण्याचा अधिकार ज्या खात्याला, त्याच्याकडे नाही. नाव गुप्त राहतं. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती हीच, की शिक्षा करणारा आणि ऐकून घेणारा हे दोघे त्यांनी मुद्दाम वेगळे ठेवले.

आपल्याकडे काय होतं ते विमानापासून लांब, जमिनीवर बघू. सेलू-मानवतच्या कापूसपट्ट्यातल्या एका जिनिंगमध्ये काम केलेले एक फिटर माझ्या परिचयाचे आहेत. हंगामात यंत्रं रात्रंदिवस चालतात. कापसातून कधी खडा येतो, कधी लोखंडाचा तुकडा, ठिणगी उडते. कधी बेअरिंग इतकं तापतं की भोवतालचं रुईचं तूस काळं पडायला लागतं. त्यांच्या पाळीत एकदा रुईच्या ढिगाला धग लागली. तिघांनी मिळून पोत्यांनी, बादल्यांनी विझवली, जळालेली रुई मागच्या बाजूला पुरली आणि सकाळी मुकादमाला काहीच सांगितलं नाही. का सांगितलं नाही? नुकसान पगारातून कापलं जातं, आणि ज्याच्या पाळीत घडलं तो पुढच्या हंगामाला नको असतो. बेअरिंग तेच राहिलं. त्याच हंगामात पुढे आग लागली तेव्हा शेड गेलं. सुदैवाने आत कुणी नव्हतं. त्या फिटरला मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. ज्या व्यवस्थेत खरं बोलण्याची किंमत भाकरी असते, तिथे तो शहाण्यासारखाच वागला. मालकाने आग लागल्यावर विचारलं, ‘कुणाच्या पाळीत?’ बेअरिंग किती दिवस तापत होतं, हे त्याला कधीच कळलं नाही, कारण तो प्रश्न त्याने विचारलाच नाही.

माझ्या म्हणण्याला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला मुद्दा न्यायाचा. ज्याचा मुलगा गेला, त्याला तुम्ही पुढच्या प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या गोष्टी सांगणार का? त्याला आज हवं आहे ते उत्तर आणि हिशेब. हे मला पूर्ण मान्य आहे. पण हिशेब करायला कोर्ट आहे, पोलीस आहेत, नुकसानभरपाईचे कायदे आहेत. तपास यंत्रणेने दोष दिला नाही म्हणजे कुणी दोषी नाही असं होत नाही. दोन वाटा समांतर चालू शकतात, फक्त एका वाटेवर विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वाटेवर गळफास म्हणून वापरायची नाही, एवढंच पथ्य. आणि चूक, निष्काळजीपणा, जाणूनबुजून केलेलं कृत्य यांत फरक करायचा. थकलेल्या माणसाच्या हातून झालेली चूक आणि दारू पिऊन कॉकपिटमध्ये बसणं हे एका मापाने मोजा असं कुणीच म्हणत नाही. शिवाय ज्यांनी माणूस गमावला त्यांचं दुःख मी जेवढं समजू शकतो, त्यात ‘निदान दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये’ ही मागणी नेहमी असते. ती मागणी शिक्षेने पुरी होत नाही.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. काही वेळा पायलटच खरोखर जबाबदार असतो, तेव्हा काय? २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कप्तान बाहेर गेल्यावर कॉकपिटचं दार आतून बंद केलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळवलं. १५० माणसं गेली. त्यात शंकेला जागा उरली नाही. म्हणून अहमदाबादमध्ये असं असूच शकत नाही, असं भावनेच्या भरात म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. पण जर्मनविंग्जच्या तपासकांनी ‘त्याने केलं’ एवढं लिहून फाइल बंद केली असती तर काय हाती लागलं असतं? तो माणूस तर मेलाच होता. त्यांनी पुढे विचारलं. दार बाहेरून का उघडलं नाही? कारण ११ सप्टेंबर २००१ नंतर अतिरेक्यांना अडवायला दारं मजबूत केली होती. एका संकटाचा धडा दुसऱ्या संकटाचं हत्यार झाला होता. डॉक्टरांनी कामाला अयोग्य ठरवलेला माणूस त्या खुर्चीत कसा बसला? कारण आजार त्याने कंपनीपासून लपवला होता. आजार सांगितला तर लायसन्स जातं, लायसन्स गेलं तर कर्ज डोक्यावर राहतं, अशी वैमानिकांची स्थिती होती. म्हणजे इतक्या टोकाच्या प्रकरणातही शेवटी आपण तिथेच येतो, जिनिंगमधल्या त्या पाळीवर.

मंगळूरचंही तसंच. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत पडलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. एअर मार्शल गोखले यांच्या चौकशीत कळलं, की प्रवासातला बराच वेळ कप्तान झोपलेला होता; घोरण्याचा आवाज रेकॉर्डरवर होता. उतरताना सहवैमानिकाने ‘पुन्हा वर घ्या’ असं एकदा नाही, तीनदा सांगितलं. कप्तानाने ऐकलं नाही. दोषी हवा असेल तर हा घ्या, आयता आहे. पण सहवैमानिकाने विमान आपल्या ताब्यात का घेतलं नाही? साहेबांना कोण सांगणार, हा प्रश्न आपल्या तहसीलपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे आहे, आणि तो कॉकपिटमध्येही असतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धुक्यात केएलएम आणि पॅनॅम या कंपन्यांची दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांना धडकली, ५८३ माणसं गेली. आजपर्यंतचा तो सगळ्यात मोठा विमान अपघात. तिथेही केएलएमच्या कप्तानाने परवानगीविना विमान सोडलं, आणि समोरची धावपट्टी मोकळी झाली नाही की काय अशी फ्लाइट इंजिनिअरची शंका त्याने उडवून लावली. पुढच्या वर्षी अमेरिकेत पोर्टलँडजवळ चाकांच्या बिघाडात कप्तान इतका गुंतला, की इंधन संपत चाललं आहे हे सहकाऱ्यांनी सुचवूनही त्याच्या मनावर ठसलं नाही. इंजिनं बंद पडून विमान पडलं, दहा जण गेले. या अपघातांतून जगभर एक नवं प्रशिक्षण सुरू झालं. कनिष्ठाने ठामपणे कसं बोलायचं आणि वरिष्ठाने ते कसं ऐकायचं, हे शिकवायचं. विमानाच्या सुधारणेत एवढा मोठा फरक पाडणारी आणि एक स्क्रूही न लागणारी दुसरी गोष्ट मला दिसत नाही.

धडा कागदावर येणं आणि अंगवळणी पडणं यात मात्र अंतर असतं. मंगळूरनंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी रात्री, त्याच कंपनीचं विमान कोळिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं आणि २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. उलट दिल्लीजवळचं चरखी दादरी बघा. १२ नोव्हेंबर १९९६ ला सौदीचं जम्बो आणि कझाकस्तानचं मालवाहू बनावटीचं विमान हवेत धडकून ३४९ माणसं गेली. लाहोटी आयोगाने कझाक विमान ठरवून दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरलं, हे स्पष्ट सांगितलं. दोष ठरला होता. तरी तेवढ्यावर थांबणं झालं नाही. दिल्लीला येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गाने का सोडली जात होती, हा प्रश्न विचारला गेला. मार्ग वेगळे झाले, आणि टक्कर टाळणारं यंत्र भारतीय हद्दीत येणाऱ्या विमानांना सक्तीचं झालं. त्या यंत्राने त्यानंतर किती माणसं घरी सुखरूप पोचवली, याची नोंद कुठेच होणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. ‘दोष द्यायचा नाही’ या पडद्याआड बड्या कंपन्या आणि बडे अधिकारी सुटतात. हे खोटं नाही. बोइंग ७३७ मॅक्सचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं विमान पडलं, १८९ गेले. तेव्हा परदेशी वैमानिकांच्या कुवतीवर बोटं दाखवली गेली. विमानं उडत राहिली. पाच महिन्यांनी इथिओपियात दुसरं पडलं, १५७ गेले. मग जगाला कळलं, की एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक प्रणाली बसवली होती आणि वैमानिकांना तिची धड माहितीच दिली नव्हती. पण नीट बघा, इथे घात कशाने झाला? पहिल्या अपघातानंतर वैमानिकाला दोषी धरण्याच्या घाईने. दोषाची वाट नेहमी उताराकडे जाते, आणि उताराला सगळ्यात खाली असतो तो पायलट, ड्रायव्हर, वॉर्डबॉय, वायरमन. पुढे अमेरिकेत खटलाही झाला. बोइंगने अडीच अब्ज डॉलरचा समझोता केला, आणि वैयक्तिक आरोप ठेवला गेला तो एका माजी मुख्य तांत्रिक पायलटवर. २०२२ मध्ये ज्युरीने त्यालाही निर्दोष सोडलं. बड्यांना गाठायचं असेल तर फौजदारी खटल्याने ते किती गाठले गेले, ते यावरून दिसतं. त्या प्रणालीचं पितळ उघडं पडलं ते तपासकांच्या तपशीलवार, सगळ्यांना वाचता येणाऱ्या अहवालांमुळे.

म्हणून पडद्याचं भय असेल तर उपाय पडदा काढण्याचा आहे, आणि तिथे आपलं सरकार कमी पडतं आहे. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल घ्या. इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’कडे गेले, एका पायलटने दुसऱ्याला ‘का बंद केलंस’ असं विचारलं, दुसऱ्याने ‘मी नाही केलं’ असं सांगितलं, आणि काही सेकंदांनी स्विच पुन्हा चालू झाले, एवढं त्यात आहे. कोण बोललं ते नाही. नेमके शब्द नाहीत. त्या संभाषणाच्या आधीचं-नंतरचं काही नाही. एवढं अर्धवट वाक्य सव्वाशे कोटींच्या वर लोकांपुढे टाकलं, तर अफवांचं पीक येणार नाही तर काय येणार? त्याच अहवालात आणखी एक फार महत्त्वाची नोंद आहे. या स्विचच्या लॉकबाबत अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्ये एक सूचनापत्र काढलं होतं. ते बंधनकारक नसल्यामुळे तशी तपासणी केली नाही, असं कंपनीने सांगितलं. स्विचचं लॉक हेच कारण होतं असं मी म्हणत नाही, अहवालही म्हणत नाही. पण सल्लावजा सूचना आल्यावर कंपनीने काय करायचं, हा प्रश्न पुढच्या शंभर विमानांना लागू आहे. 

आणि तपास करतं कोण? अपघात तपास विभाग, म्हणजे एएआयबी, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन आहे. विमान कंपन्यांवर देखरेख करणारं डीजीसीए त्याच मंत्रालयाखाली, विमानतळ प्राधिकरण त्याच मंत्रालयाखाली. चिकलठाण्याला विमानतळ प्राधिकरणावर ठपका आला होता, हे आठवून बघा. उद्या तसाच प्रसंग आला तर ठपका ठेवणाऱ्याची आणि ठपका बसणाऱ्याची बदली, बढती एकाच इमारतीतून ठरणार. गंमत नाही, गंभीर बाब आहे: आपल्या रेल्वे अपघातांची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नाही. चौकशी करणारा स्वतंत्र असावा म्हणून तो रेल्वेपासून इंग्रजांच्या काळातच, १९४१ मध्ये, वेगळा काढला, आणि आज तो याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. रेल्वेबाबत जे आपल्याला स्वातंत्र्यापूर्वी कळलं, ते विमानाबाबत अजून का कळू नये? अमेरिकेने तर १९७४ मध्ये कायदा करून आपलं तपास मंडळ वाहतूक खात्यातून पूर्ण बाहेर काढलं.

हा विचार विमानापुरता ठेवायची माझी इच्छा नाही. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांदरम्यान २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात अर्भकं. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. हिंगोली, परभणी, थेट तेलंगणापासून रुग्ण तिथे येतात. मराठवाड्याच्या पोटात गोळा यावा अशी ती बातमी होती. आणि झालं काय? एक खासदार आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. फोटो निघाले. मग अधिष्ठात्यांवर गुन्हा, खासदारांवर गुन्हा. लोकांना वाटलं, कुणाला तरी जाब विचारला गेला. औषधखरेदी सरकारी हाफकिन संस्थेकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे सोपवण्याच्या त्या काळात वॉर्डात कुठलं औषध किती दिवस नव्हतं? अर्भकांच्या कक्षात एका नर्सकडे किती बाळं होती? शेवटच्या क्षणी रुग्ण पाठवणाऱ्या खासगी दवाखान्यांनी तो किती तास अडवून ठेवला होता? ही उत्तरं गावातल्या आशाताईला वाचता येतील अशा मराठीत, एका अहवालात, कुणी छापली? ज्या डॉक्टरने उद्या वरिष्ठांना ‘इथे धोका आहे’ असं लिहून द्यायचं, त्याने झाडूचा तो फोटो बघितलेला आहे. तो लिहील का?

समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री सैलानी बाबाच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण गेले. ट्रक महामार्गावरच थांबवल्याच्या आरोपावरून आरटीओच्या दोघांना अटक झाली. आरोपाचा निवाडा कोर्ट करील. पण ताशी १२० च्या रस्त्यावर तपासणीसाठी गाडी थांबवायची तर कुठे, ती जागा आखलेली आहे का, रात्री ती दिसते का, हे कोर्ट ठरवणार नाही.

चिकलठाण्याची धावपट्टी वाढवण्याचा, त्यासाठी भूसंपादनाचा विषय वर्षानुवर्षे चालू आहे. शहर विमानतळाच्या भोवती वाढत चाललं आहे. मोबदला किती, याच्यावर मोर्चे निघतात आणि ते निघायलाच हवेत, कारण ज्याचं घर जातं त्याचं सगळं जातं. त्या बैठकांमध्ये आणखी काही प्रश्न विचारावेत अशी माझी विनंती आहे. नव्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे मोकळी जागा नव्वद मीटर ठेवणार की दोनशे चाळीस? त्या हद्दीत कुठला रस्ता, कुठल्या तारा, कुठली इमारत येते? आणि आपल्या भागातले खासदार संसदेत पुण्या-मुंबईच्या नव्या विमानांची मागणी करतात, तेव्हा त्यांनी अपघात तपास विभाग मंत्रालयातून बाहेर काढणारा कायदाही मागावा, अहमदाबादचा अंतिम अहवाल पूर्ण, संभाषणाच्या संबंधित भागासह, सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावावा, आणि रुग्णालयं व महामार्गांसाठी अशीच स्वतंत्र यंत्रणा राज्यात उभी करण्याचा आग्रह धरावा. हे प्रश्न पहिल्यांदा विचारायचा हक्क, ज्याच्या मातीवर ५५ माणसं गेली त्या मराठवाड्याचा आहे.